सातव्या फेरीतलं तिसरं मिनिट

सान हासिंतो
१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ब्रिसेइदा,

तुझ्या बॉक्सिंगच्या लढतीच्या रविवारी सकाळी मी भट्टीतून पावांची शेवटची खेप काढली, हात धुतले आणि पिठाने माखलेल्या कपड्यांतच चर्चमध्ये गेलो. सारख्या उंचीच्या दोन मेणबत्त्या घेतल्या. एक तुझ्यासाठी, एक तुझ्याशी लढणाऱ्या युरिदियासाठी. मेणबत्त्या विकणारी फेलीसा म्हणाली, "काय हो, तिच्यासाठीपण?" मी म्हटलं, "वेळ मोजायला घंटेपाशी बसणाऱ्याला कुणी परकं नसतं." बावीस वर्षं मी हेच करत आलोय. कुणी जिंकावं असं मागत नाही, दोघांनी आपापल्या पायांनी घरी जावं एवढंच मागतो. तुझ्या बाप्तिस्म्याला मी तुला हातांत धरलं, देवासमोर तुझा पाद्रीनो, धर्मपिता झालो. तुझा बाप गेल्यावर तर ते नातं नुसतं नावाचं राहिलं नाही. तरी त्या सकाळी तुझ्यासाठी मी वेगळं काही मागितलं नाही. हे तुला माहीत असावं, म्हणून लिहितोय.

बॉक्सिंग आयोगाच्या चिटणिसांना मी आधीच सांगितलं होतं की ही माझी धर्मकन्या आहे, दुसऱ्या कुणाला तरी घंटेवर बसवा. ते हसले. म्हणाले, "या भागात कोण कुणाचा पाद्रीनो नाही? असं बघत बसलो तर घंटा वाजवायला माणूस जपानहून आणावा लागेल."

असो. राज्याच्या विजेतेपदाचा पट्टा आता तुझ्या कमरेला आहे. तुझ्या आईने तो परवा मिस्सेला नेला होता, पिशवीत घालून. फादरनी त्यावरही पवित्र पाणी शिंपडलं. न्हाव्याच्या दुकानातले म्हातारे, जे म्हणत होते की पोरी तिसऱ्या मिनिटाला रडायला लागतील, ते दोन आठवडे हवामानावर बोलतायत.

तुझा डोळा कसा आहे? मास्तर नाबोर सरावाच्या तळावर तुम्हां सगळ्यांचे फोन कुलुपात ठेवतात ते बरंच आहे. मला पत्र लिहायला आवडतं. गावच्या शाळेत सहावीपर्यंतच शिकलो, पण अक्षर बरं आहे. बसवाला ताचो डोंगरावर पाव पोहोचवतो, तोच हे पत्रही देईल.

एक सांगायचं राहिलं. घंटेची खुर्ची सोडावी असं माझ्या मनात आहे. पन्नाशी आली. कान आता पूर्वीसारखे नाहीत.

तुझा पाद्रीनो,
एउसेबियो


मालिंचे डोंगराच्या उतारावरचा तळ
२४ फेब्रुवारी

पाद्रीनो,

पाव सोळा होते ना? मला चौदा मिळाले. ताचो शपथेवर सांगत होता की चौदाच दिले होते, आणि त्याच्या मिशीवर साखर होती.

डोळा उघडला. आता दोन्ही डोळ्यांनी मास्तरांचा चेहरा बघावा लागतो, एवढंच दुःख. रोज पाच वाजता उठवतात, ढगांच्या वर नेऊन पळवतात. मॉन्तेरेला देशाच्या पट्ट्यासाठी लढायचंय, एप्रिलच्या शेवटी. कागद आलाय. मी चार वेळा वाचला.

आणि खुर्ची सोडण्याचं काय काढलंत? कान नाहीत म्हणे! परवापर्यंत भट्टीत पाव भाजला की नाही ते आवाजावरून सांगत होतात. आता बायकांचीही फेरी तीन मिनिटांची झालीय, तर ती मोजायला तुम्हीच पाहिजे. मी अकरा महिने आयोगाच्या बाकावर बसले ते कशासाठी? चिटणीस रोज तेच सांगायचे, "मुली, बाईच्या फेरीला दोनच मिनिटं. शरीराचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "साहेब, रक्त तपासता, डोळे तपासता, पोटात मूल नाही याचाही कागद मागता. पुरुषांकडे कुणी मागत नाही तो. सगळं दिलं. वर एक मिनिटही कापून घेणार? घरात बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसापेक्षा लांब असतो, तेव्हा शरीराचा प्रश्न कुणी काढत नाही!" तेव्हा कुठे सही केली. तीसुद्धा 'प्रयोग म्हणून'.

आता न्हाव्याच्या दुकानात जा आणि माझ्या नावाने सांगा. सातव्या फेरीत युरिदियाने डाव्या हाताचा ठोसा असा बरगडीखाली दिला की माझा श्वास कुठेतरी सांडला. गुडघा टेकला. आठपर्यंत थांबले, उठले. मग ती आली. मला तीन युरिदिया दिसत होत्या. मी मधलीला मिठी मारली, ती खरी निघाली. पंचाने सोडवलं. पुन्हा दोऱ्यांवर. कानात नुसता समुद्र. मनात एकच, पाय, पाय, पाय. आणि घंटा झाली! मला वाटलं होतं अजून जन्मभर बाकी आहे. कोपऱ्यात मास्तरांना म्हटलं, "बघा, तीन मिनिटं म्हणजे काही डोंगर नाही." आठवीपासून मग मी तिला दाखवलं.

तीन परीक्षकांपैकी दोघांनी मला जिंकवलं, ते ठीक. पण माझ्यासाठी लढत सातव्या फेरीतच जिंकून झाली होती. मी उभी राहिले, पाद्रीनो. मला कुणी वाचवलं नाही.

पुढच्या वेळी वीस पाव पाठवा. ताचोचा हिस्सा धरून.

ब्रिसे


सान हासिंतो
३ मार्च

प्रिय ब्रिसेइदा,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा भट्टीत टाकलं. हे पाचवं.

मंगळवारी युरिदिया दुकानात आली. सांता क्लाराच्या बसथांब्यावर ती मक्याचे गरम तमाले विकते, तशीच, टोपली खांद्याला अडकवून. म्हणाली, "एक पाव द्या. साधा." मी दिला. तिने फोन काढून पाटावर ठेवला. "नवऱ्याने काढलंय. सातवी फेरी आहे. मोजा."

मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात?"

"तुमचं कामच ते आहे ना? मोजा."

मी मोजलं. घंटेपासून घंटेपर्यंत दोन मिनिटं आणि एक सेकंद.

ती ओरडली नाही. तेच मला जड गेलं. म्हणाली, "मी तीन मिनिटांचा हिशेब करून मारत होते. तिसऱ्या मिनिटासाठी हातात जपून ठेवलं होतं. तुम्ही बायकांची घंटा वाजवलीत." मग पाव पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आयोगाकडे तक्रार दिलीय. तुम्हाला चोरून कळू नये म्हणून आले." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी बोलावलं. ते म्हणाले, घाबरू नका. नियम सरळ आहे. घंटेवाल्याच्या हातून चूक झाली असेल, तर त्याला समज द्यायची आणि निकाल तसाच ठेवायचा. मुद्दाम केलं असेल, तरच लढत रद्द, आणि घंटेवाला जन्मभरासाठी बाद. "पण तुमच्यावर कोण असा संशय घेईल?" ते म्हणाले. "इतकी वर्षं बायकांच्या लढतीत दोन मिनिटांवर घंटा दिलीत. हाताला सवय. लिहा तसं." कागद त्यांनीच पुढे सरकवला.

मी लिहिलं. सवयीने हात चालला, असं लिहिलं आणि सही केली.

म्हणजे पट्टा तुझ्याकडेच राहील. मॉन्तेरेही राहील. पण तुझं पत्र मी वाचलं होतं, त्यातलं 'मला कुणी वाचवलं नाही' हे वाक्यही. ते वाचून हे तुझ्यापासून लपवणं मला जमलं नाही. मला क्षमा कर.

तुझा,
एउसेबियो


तळावरून
६ मार्च

पाद्रीनो,

काल राखेचा बुधवार होता. खालच्या गावातून फादर आले, सगळ्यांच्या कपाळाला राख लावून गेले. तुमचं पत्र मी तशीच, राख लागलेल्या कपाळाने वाचलं. चांगला मुहूर्त साधलात.

सवयीने? ठीक. सवयीने तर सवयीने. आता गप्प बसा.

पुरुषांच्या लढतीत पंच नऊपर्यंत मोजायला पंधरा सेकंद लावतात, तेव्हा कोण फोन काढून मोजतं? कुणाचा तरी मेव्हणा परीक्षक असतो, तेव्हा कोण तक्रार करतं? त्यांना आयुष्यभर फुकट मिनिटं मिळाली, मला एक मिळालं तर आभाळ कोसळलं? नंतरच्या तीन फेऱ्या मी मारून जिंकल्या. त्या काही तुमच्या घंटेने जिंकल्या नाहीत. पट्टा माझा आहे. युरिदियाला सांगा, तमाले गार होतायत.

आणि तुम्ही मला क्षमा मागू नका. तुम्ही क्षमा मागितलीत की मला काहीतरी वाटायला लागतं, आणि मला आत्ता काही वाटून घ्यायचं नाहीये. सात आठवडे राहिलेत.

मास्तरांना मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ब्रिसेइदा


सान हासिंतो
२१ मार्च

प्रिय ब्रिसेइदा,

तुझं पत्र आलं त्यानंतर मी गप्पच होतो. पण आता जे झालंय ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

काल आयोगाने नवी सूचना लावली. कचेरीच्या दारावर, टाचण्यांनी. मी उभा राहून पूर्ण वाचली. 'बायकांच्या लढतींसाठी तीन मिनिटांच्या फेरीचा प्रयोग संपवण्यात येत आहे. अनुभवी अधिकाऱ्यांनाही ही पद्धत अंगवळणी पडत नाही, असं दिसून आलं आहे. यापुढे पूर्वीप्रमाणे दोन मिनिटं.' खाली आधार म्हणून माझ्या जबाबाची तारीख.

मी आत गेलो. चिटणीस कॉफी पीत होते. "हे माझ्या नावावर का घातलंत?"

"कारण तुम्हीच म्हणालात ना, हाताला सवय आहे म्हणून? बावीस वर्षं घंटा देणाऱ्या माणसाचा हात ऐकत नाही, तर नव्या पोरांचा काय ऐकणार? तुमच्या धर्मकन्येचा पट्टा सुरक्षित आहे. आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "तिने अकरा महिने..."

"बाकावर बसली, माहितीये. बाक अजून तिथेच आहे."

दारात उभी असलेली टायपिस्ट मुलगी हसली. मी निघून आलो.

संध्याकाळी तुझी आई मोले घेऊन आली, पातेलंभर. म्हणाली, "कोम्पाद्रे, तुम्ही जेवत नाही असं ऐकलं." मी ते तसंच झाकून ठेवलं. ती माझ्याकडे बघत बसली. जाताना एवढंच म्हणाली, "तिला लहानपणापासून कुणी आवरलेलं आवडत नाही." मी मान हलवली.

गेल्या शुक्रवारी पापनिवेदनाला गेलो होतो. फादर तरुण आहेत, गेल्या वर्षीच आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाला सांगितलंत, बरं केलंत. पण देव आयोगावर नाही."

काय करावं ते मला कळत नाही, पोरी. तू म्हणालीस गप्प बसा, म्हणून बसलोय. पण आता माझ्या गप्प बसण्याचाही उपयोग कुणीतरी करतंय.

तुझा,
एउसेबियो


तळावरून
२४ मार्च

पाद्रीनो,

सूचना वाचली. ताचोने फोटो काढून आणला. माझा राग तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल लिहीत नाही. दुसरंच लिहायचंय.

आज सकाळी सराव होता. तुम्ही लढतीत करता तसे मास्तर वेळ लावून लाकडाचे दोन ठोकळे हातात धरून उभे असतात. फेरी संपायला दहा सेकंद राहिले की टक्! ते टक् ऐकलं की माझा डावा हात आपोआप वर जातो, शेवटच्या धावेसाठी. कुत्र्याला शिट्टी मारावी तसा. आज तो वर गेला आणि मी मधेच थांबले. मास्तर ओरडले, "काय झालं? झोपलीस?"

मला सातवी फेरी आठवली. दोऱ्यांवर होते, कानात समुद्र होता, तरी टक् मला ऐकू आलं असतं. ते मला मेल्यावरही ऐकू येईल. पण आलं नव्हतं.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी कुलूप उघडून फोन दिला. युरिदियाच्या नवऱ्याने सगळ्या लढतीची चित्रफीत सगळीकडे टाकलीच आहे. कान लावून ऐकली. सहाव्या फेरीत टक् आहे. आठव्या फेरीत आहे. सातवीत नाही.

तुमचा हात सवयीने चालला असता, तर दोन मिनिटांना दहा सेकंद कमी असताना आधी लाकूड वाजलं असतं. सवय म्हणजे ते दोन्ही. बावीस वर्षांत लाकूड न वाजवता घंटा दिलीत कधी? मला खोटं सांगितलंत. पत्रातसुद्धा.

तुम्हाला वाटलं, ही आता संपली. ही उभी राहू शकत नाही. तसं न्हाव्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांना वाटतं, चिटणिसांना वाटतं. त्यांच्याशी मी भांडू शकते. तुमच्याशी कशी भांडू? तुम्ही मला सायकल शिकवलीत, तेव्हा मागून हात सोडलात आणि सांगितलंही नाहीत. मी पडले, गुडघा फुटला, तुम्ही लांब उभे राहून म्हणालात, "ऊठ." तो माणूस कुठे गेला?

ते मिनिट मी अकरा महिने मागितलं. आयोगाने दिलं. आणि ते माझ्याकडून काढून घेणारे तुम्ही निघालात.

दुपारी मी डोंगर उतरून सांता क्लाराला गेले. मास्तरांनी अडवलं नाही. युरिदिया थांब्यावर होती. मला बघून म्हणाली, "लाल चटणीचा की हिरवा?"

म्हटलं, "हिरवा."

तमाले दिला. पैसे घेतले. मग म्हणाली, "तू उभी होतीस, ते मी मानते. पण पडली असतीस."

"नसते पडले."

"अजून तीन ठोसे, बाई."

"मग मारायचे."

"वेळ कुठे दिला तुझ्या म्हाताऱ्याने?"

तिने टोपली झाकली. मग ती म्हणाली, "परत?" मी म्हटलं, "परत. पण तीन मिनिटं." ती म्हणाली, "तीन नाहीत तर मी येतच नाही. दोन मिनिटांत मला घामसुद्धा येत नाही." आणि हसली. तिचा पुढचा एक दात नाहीये, माहितीये? माझ्यामुळे. मला उगाच बरं वाटलं.

म्हणून आता ऐका. मी गप्प बसा म्हणाले होते, ते परत घेते. आयोगासमोर जा आणि खरं सांगा. लढत रद्द होऊ दे. पट्टा जाऊ दे. मॉन्तेरे जाऊ दे, मास्तरांना मी सांगितलंय, ते संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत आणि रात्री स्वतःच्या वाटणीचं मांस माझ्या ताटात वाढलं. पण 'सवय' हा शब्द त्या कागदावर राहता कामा नये. तो राहिला, तर माझ्यानंतर येणारी प्रत्येक मुलगी तुमच्या त्या सवयीखाली दोन मिनिटं लढेल.

तुम्हाला खुर्ची प्रिय आहे, मला माहीत आहे. मलाही पट्टा प्रिय आहे.

ब्रिसेइदा


सान हासिंतो
४ एप्रिल

प्रिय ब्रिसेइदा,

तुझं पत्र आल्यावर मी दहा दिवस काही लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा पळाला. पळालो नव्हतो. आयोगाची बैठक दर पंधरवड्याला गुरुवारी असते, तिची वाट बघत होतो. एकट्या चिटणिसांच्या कानात सांगायची ही गोष्ट नव्हती.

आधी तुला सांगतो, कारण पहिला हक्क तुझा.

तू गुडघ्यावर होतीस तेव्हा मोजणी माझ्याच बोटांनी चालू होती. नियमच आहे तसा, घंटेवाला मोजतो आणि पंच ते उचलतो. ती मोजणी मी प्रामाणिक केली. एकही सेकंद लांबवला नाही. आठला तू उठलीस. मग तिने तुला दोऱ्यांवर घेतलं. तुझी आई माझ्या खुर्चीमागे बसली होती, पहिल्या फेरीपासून जपमाळ ओढत होती. तिचा जप थांबला. ती काही म्हणाली नाही, हे मी शपथेवर सांगतो, तिला यात ओढू नकोस. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं होत होती. मला सगळं स्वच्छ कळत होतं. हातोडी कुठे आहे, किती वेळ बाकी आहे. मनात विचार आला की आत्ता घंटा दिली तर सगळे सवय म्हणतील. हो, तोही विचार आला, त्याच क्षणी, घंटेच्या आधी. माझ्या पापाचं सगळ्यात वाईट टोक ते आहे. नुसती माया असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी निसटायची वाट आधी पाहिली आणि मग हात उचलला.

तू विचारलंस, तो सायकल शिकवणारा माणूस कुठे गेला. तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि तुझा बाप जिवंत होता. तू पडलीस तर दोघांपैकी कुणीतरी उचलेल हे मला माहीत होतं. त्या रविवारी मला वाटलं, आता उचलायला मी एकटा आहे. तुला उचलायची गरज नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो.

काल सकाळी धुतलेला सदरा घातला आणि व्हिया मिल्पानला आयोगाच्या कचेरीत गेलो. युरिदिया बाकावर बसली होती, टोपली मांडीवर. तुझ्या बाकावर. तिची तक्रार निकालात काढायची होती. मला बघून ती सरकली, जागा दिली.

आत पाच जण टेबलाला बसले होते. मी म्हटलं, मला माझा जबाब मागे घ्यायचा आहे. चिटणीस म्हणाले, "आता कशाला? मिटलंय सगळं."

"सवयीने नव्हतं. मुद्दाम केलं."

मग अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं आहे. सातव्या फेरीत मी लाकूड वाजवलं नाही. चित्रफीत ऐका. सवयीचा हात आधी लाकूड वाजवतो. मी घाईत विसरलो, कारण मी काम करत नव्हतो, चोरी करत होतो."

चिटणिसांनी मला खिडकीपाशी नेलं. हळू आवाजात म्हणाले, "अहो, लाकडाचं इथे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लढत रद्द होईल. तुमच्या पोरीचा पट्टा जाईल. मॉन्तेरेचे लोक दुसरी मुलगी शोधतील. कुणी सांगितलंय तुम्हाला हे?"

"तिनेच पाठवलंय."

त्यांना ते खरं वाटलं नाही. मग मी तुझं पत्र खिशातून काढून दाखवलं. सगळं नाही, शेवटचे दोन परिच्छेद. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. त्यानंतर माझ्याशी 'अहो' करून बोलले नाहीत.

अध्यक्षांनी टायपिस्टला बोलावलं. लढत रद्द. पट्टा रिकामा. एउसेबियो क्वामात्सी, जन्मभरासाठी बाद. मग ते म्हणाले, "आणि बायकांच्या फेरीची सूचना आहे तशीच राहील." तेव्हा मी उभाच राहिलो. म्हटलं, "त्या सूचनेचा आधार माझा जबाब आहे. तो जबाब आता खोटा ठरलाय, तुम्हीच आत्ता तसं लिहून घेतलंत. खोट्या जबाबावर सूचना टिकते का, हे मला माहीत नाही, मी सहावी शिकलेला माणूस आहे. पण बाहेर तमाले विकणारी बाई बसलीय, ती विचारणार आहे. आणि डोंगरावरून दुसरी येणार आहे. तुमचा बाक लांब आहे, दोघी बसतील."

दाराबाहेरून युरिदियाचं हसू ऐकू आलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग टायपिस्टला सांगितलं, आधीची सूचना रद्द म्हणून लिही. पुन्हा लढत घ्यायची झाली तर फेरी तीन मिनिटांची. 'प्रयोग म्हणून' हे शब्द त्यांनी घालायला लावले. मी हरकत घेतली नाही. ते शब्द काढून घ्यायचं काम तुम्ही दोघी कराल.

टायपिस्ट मुलीने माझा नवा जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'लढणारी मुलगी पराभवाच्या स्थितीत असल्यामुळे घंटेवाल्याने मुद्दाम वेळेआधी घंटा दिली.' मी म्हटलं, हे खोडा. चिटणीस म्हणाले, "आता आणखी काय?" मी म्हटलं, माझ्या शब्दांत लिहा, नाहीतर सही करत नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत आवाज चढवला. मुलीने यंत्रात दुसरा कागद घातला आणि मी हळूहळू सांगत गेलो, तिने लिहून घेतलं:

'घंटा दिली तेव्हा ब्रिसेइदा स्वतःच्या पायांवर उभी होती. ती पडली असती की नाही, हे मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नाही. कारण ते मिनिट तिचं होतं, आणि ते मी घेतलं.'

ते तिने मला वाचून दाखवलं. मग मी सही केली.

एउसेबियो